उभा नकाशा

भिंतीवरचा महाराष्ट्र
घडी घालून घालून विरला होता,
आणि आमचा तालुका नेमका घडीवर.
वणीच्या थोडं खाली, पैनगंगेच्या थोडं वर
नुसते कापडाचे धागे.
बाई म्हणायच्या, इथंच कुठंतरी आपण.

उन्हाळ्यात शाळेला कुलूप लागलं.
सुट्टीचा अभ्यास कुणी दिला नव्हता,
म्हणून मीच मला दिला:
गावच्या विहिरी मोजायच्या.
गेल्या वर्षीच्या वहीची कोरी पानं,
बाजेची सुटलेली दोरी, हातहातावर गाठ,
टोकाला खलबत्त्याचा बत्ता
(आई तो दोन दिवस शोधत होती).

सव्वीस निघाल्या.
चार बुजलेल्या, एकीत उंबर वर आलेला,
एकीत घोरपड. तिथं दोरी सोडली नाही.
सोयामांच्या वावरात बत्ता बाविसाव्या गाठीला बुडाला,
पलीकडच्या धुऱ्यावरच्या विहिरीत
एकतीस गाठी गेल्या तरी कोरडा.
मधे चाळीस पावलं आणि एक बोर.
असं का?
आई म्हणाली, उर्कुडाले इचार,
दोन्ही त्यानंच खोदल्या.

उर्कुडा काका मोहाखाली बसलेले,
गुडघे छातीशी,
जणू अजून विहिरीतच.
वही पाहिली. म्हणाले,
"आडवी कावून धरली पोरी? उभी धर."
आणि हातानं हवेत एकेक पायरी उतरू लागले:

"दीड परस काळी माती.
मंग चोपन. कुदळीले चिकटते, शिव्या खाते.
मंग मुरूम, तो भला माणूस.
मंग काळा दगड.
तो कोनाले वळखत नायी.
आन् हा थर सपाट नसते माय,
तिरपा जाते, उतरत्या छपरावानी.
पानी त्याच्या अंगावरून घसरते
सोयामाच्या घरी."

मी पानावर उभे पट्टे ओढले.
काळ्याला चुलीतला कोळसा,
मुरमाला वीट उगाळून,
चोपणाला काही सापडेना, शेवटी चहा.
रोज एक विहीर. कधी दोन.
काका तारखा विसरले होते,
सुनेचं नाव चुकवायचे,
पण कुठल्या विहिरीत कितव्या परसाला
पहारीचा आवाज बदलला
ते चुकत नव्हतं.

अकराव्या विहिरीला थांबले.
चुन्याची डबी उघडली.
तळाशी, तंबाखूच्या चुऱ्यात,
दगडाची एक गोगलगाय.
करंगळीच्या नखाएवढी,
वेटोळ्यात वेटोळं, सगळं शाबूत.
"दोन काळ्या दगडांच्या मधात
पांढरा पट्टा लागला, हातभर.
त्यात ह्या, मूठमूठ.
मले वाटलं, इथं कोनाचं तरी तळं होतं.
वरून आगीचा चिखल आला,
तळं तसंच झाकलं गेलं.
कोनाले सांगतलं नायी. कोन मानते?"
मी मानलं.
पट्टा कोराच ठेवला, कागदाचाच पांढरा,
आणि कडेला लिहिलं: तळं.

तेरावीला ते काही बोलले नाहीत.
बिडी पेटवली, विझली, पुन्हा पेटवली नाही.
"तिथं सुरुंगाच्या वक्ताले देवाजी खाली होता," म्हणाले.
"तो रकाना सोडून दे."
मी सोडला.
नकाशात अजून तसाच आहे,
चौदावीच्या शेजारी,
खोली न लिहिलेला.

जूनमध्ये शाळेत नवा नकाशा आला,
प्लास्टिकचा, चकचकीत,
आमचा तालुका हिरवट, सुरकुती नाही, गाव नाही.
बाईंनी विचारलं, उत्तर कुठे?
सगळ्या वर्गानं फळ्याच्या वर बोट केलं.
माझं खाली गेलं.
पोरं हसली. बाईही, थोड्या.

वही दप्तरात होती. काढली नाही.
मी फरशीकडे पाहत होते,
हिच्याखाली किती परस काळी, कुठं मुरूम,
तळं इथपर्यंत पोचतं की नाही.
शाळेच्या आवारात एकच बोअर,
मशीननं एका रात्रीत मारलेली.
आत काय काय लागलं
ते पाहायला खाली कुणी उतरलंच नव्हतं.